घड्याळ म्हणतं विश्रांती घे, पाय म्हणतात पळ. कुणाचं ऐकू?

पहाटपावलं

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबणार आहे, कारण सगळे आकडे देतेय. अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार?

वय ३९, तीन वर्षं धावतेय. पहिली अर्धमॅरेथॉन २ तास १९ मिनिटांत झाली, दुसरी २:११, तिसरी २:०६. दोन तासांच्या आत यायचं, एवढं एकच मनात आहे. हौस म्हणा, पण गेली तीन वर्षं पहाटे पाचला उठण्यामागे तेच आहे.

मनगटावरचं जीपीएस घड्याळ घेऊन चौदा महिने झाले. पहिले आठ-नऊ महिने त्याने मला खरंच पुष्कळ शिकवलं. आधी मी रोज एकाच वेगाने पळायचे. ना धड सावकाश, ना धड जोरात. घड्याळामुळे सावकाश पळायला शिकले, इंटरव्हल (थोडं जोरात, मग थोडं सावकाश, असं आलटून पालटून) शिकले, रात्री झोपेच्या वेळा सांभाळायला लागले. २:११ वरून २:०६ वर येण्यात त्याचा वाटा आहे हे मनापासून मानते.

गेल्या पाच महिन्यांत मात्र सगळं अडलंय. उदाहरण म्हणून परवाचं धावणं सांगते. ८ किमी, सावकाश, पेस ६:५० (किलोमीटरला ६ मिनिटं ५० सेकंद), म्हणजे साधारण ५५ मिनिटं. हृदयाचे सरासरी ठोके मिनिटाला १६९, कमाल १७४, पावलांची गती मिनिटाला १६८. घड्याळाचा निकाल: झोन ४, थ्रेशोल्ड (म्हणजे जेमतेम टिकवता येईल इतका जोर), रिकव्हरीला ५८ तास लागतील. प्रत्यक्षात मी आणि माझी धावसोबतीण आठही किलोमीटर तिच्या बदलीबद्दल बोलत होतो. दम लागला म्हणून वाक्य तुटलंय असं एकदाही झालं नाही.

रात्रीचे आकडे: विश्रांतीचे ठोके ५३ ते ५५, एचआरव्ही (लागोपाठच्या ठोक्यांमधल्या वेळेतला चढउतार) ४५ ते ५० मिलिसेकंद. वर्षभर हे जवळपास असेच आहेत. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळाचा सज्जतेचा आकडा (शरीर सरावाला किती तयार आहे तो) १०० पैकी २३ आणि खाली ‘आज विश्रांती घ्या’.

मी ऐकत गेले. आठवड्याला ४२ किमी पळायचे, ते २६ वर आलं. तिसऱ्या महिन्यात इंटरव्हल बंद केले. व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा) अंदाज ४१ वरून ३६ वर घसरला. १० किमीची वेळ ५६:३० होती, ती ५८:१० झाली. दोन आठवड्यांपूर्वी न ऐकता १२ किमी पळले, अगदी हलकं वाटत होतं. सकाळी आकडा ९! घाबरून चार दिवस घराबाहेर पडले नाही.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड तपासून झालंय, सगळं ठीक आहे. मग हे ओव्हरट्रेनिंग आहे का? की वय? आणि शरीर एक सांगतंय, यंत्र दुसरं, अशा वेळी तुम्ही कुणावर विश्वास ठेवता?

---

शिट्टी_आणि_वही

ताई, आकडे दिलेत ते फार बरं केलंत. तुमच्याच पोस्टमधले दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सरासरी ठोके १६९. पावलांची गती १६८.

माझा संशय असा आहे की घड्याळ तुमचं हृदय मोजतच नाहीये. ते तुमची पावलं मोजतंय.

मनगटावरचं घड्याळ ठोके कसे मोजतं ते सांगतो. मागच्या बाजूचे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला रक्ताची लाट आली की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. हा फरक फारच थोडा असतो. आता तुम्ही पळताय, प्रत्येक पावलाला हाताला हिसका बसतो, घड्याळ हलतं, कातडीखालचं रक्तही हलतं. हा हिसकाही ठरावीक तालात असतो. सेन्सरला दोन ताल ऐकू येतात आणि हृदयाचा ताल दुबळा असेल तर तो पावलांचा ताल पकडून बसतो. आम्ही याला केडन्स लॉक म्हणतो. तुमची पावलं १६०-१७० च्या घरात, म्हणजे आकडाही असा येतो की कुणाला संशय येऊ नये. ९० किंवा २३० दाखवलं असतं तर तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.

चार गोष्टी सांगा.
ठोक्यांचा आलेख कसा दिसतो? हळूहळू चढतो की पहिल्या दोन-तीन मिनिटांत उडी मारून मग सपाट रेघ?
मध्ये थांबलात की आकडा किती वेळात खाली येतो?
घड्याळ मनगटाच्या हाडावर बांधता की हाडाच्या वर, आणि किती घट्ट?
पाच महिन्यांपूर्वी काही बदललं का?

माझ्याकडे सराव करणाऱ्या मुलांच्या वह्या मी वीस वर्षं तपासतोय. संशय आला की आधी मोजमाप तपासायचं, माणसाला दोष नंतर द्यायचा, ही माझी पद्धत.

---

मोकळा_श्वास

माझं मत थोडं वेगळं आहे. मोजमाप बरोबर निघालं तरी मूळ प्रश्न राहतोच.

मी साडेतीन वर्षं घड्याळ लावून पळलो आणि एक दिवस काढून ठेवलं. कारण असं की सकाळी डोळे उघडले की मी आधी झोपेचा आकडा बघायचो आणि मग ठरवायचो की मला झोप लागली होती की नाही. आकडा ६० असला की दिवसभर अंग जड. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी अशा रुग्णांबद्दल लिहिलं आणि त्याला ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं. परिपूर्ण झोपेचा आकडा मिळवण्याच्या नादात झोपच बिघडते. तो लेख वाचला तेव्हा मी त्यात स्वतःला पाहिलं. गाढ झोप कोणती आणि स्वप्नांची कोणती, हे नेमकं ठरवायला मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. मनगटावरचं यंत्र हालचाल आणि ठोके बघून अंदाज बांधतं.

ताई, तुम्ही हलकं वाटत असताना चार दिवस घरी बसलात, ते वाचून मला वाईट वाटलं. तेवढ्यासाठी लिहिलं. महिनाभर घड्याळाविना पळून बघा, अशी मनापासून विनंती.

---

पहाटपावलं

@शिट्टी_आणि_वही, तुमची पोस्ट वाचली आणि पाच महिन्यांचे आलेख उघडून बसले. रात्री एक वाजलाय.

सपाट रेघ आहे. जवळजवळ प्रत्येक धावण्यात. पहिल्या तीन मिनिटांत ११० वरून १६८ आणि मग शेवटपर्यंत १६७ ते १७२. सिग्नलला थांबले तिथे दहा-बारा सेकंदांत थेट १२० वर. जुने आलेख, म्हणजे २:०६ च्या आधीचे, वेगळे आहेत. चढणीला चढतात, उताराला उतरतात, शेवटाकडे हळूहळू वर जातात.

आणि पाच महिन्यांपूर्वी बदललं ते असं: सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घामाने पुरळ आलं होतं. मी विणलेला कापडी पट्टा घेतला आणि हवा लागावी म्हणून सैल बांधायला लागले. अगदी मनगटाच्या हाडावर. पुरळ गेलं, मी ते विसरूनही गेले.

@मोकळा_श्वास, तुमचं लिहिणं मनाला लागलं. पण घड्याळ काढून ठेवण्याआधी मला हे नक्की समजून घ्यायचंय. पाच महिने गेलेत माझे.

---

दोनचाकी

मी सायकलवाला, पण हिशेबाची आवड आहे म्हणून लिहितो. एक चुकीचा आकडा वरच्या सगळ्या मजल्यांवर कसा चढतो ते बघा.

सरावाचा भार ठोक्यांवरून मोजायची पद्धत एरिक बॅनिस्टर या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात घालून दिली. तिचं नाव ट्रिम्प. मिनिटं गुणिले ठोक्यांची तीव्रता, पण तीव्रता वाढेल तसं वजन चक्रवाढीने वाढतं. आजची बहुतेक घड्याळं त्याच विचाराची सुधारित रूपं वापरतात. तुमचे आकडे घालून बघितले. विश्रांतीचे ठोके ५४ आणि कमाल १८४ धरले. ५५ मिनिटं १६९ ठोक्यांनी पळालात तर स्त्रियांच्या सूत्राप्रमाणे भार येतो १८३. तेच ५५ मिनिटं खरे ठोके समजा १४५ असतील, तर १०७. प्रत्येक सावकाश धावण्याची नोंद पावणेदोन पट!

मग घड्याळ गेल्या सात दिवसांचा भार आणि गेल्या काही आठवड्यांचा भार यांची तुलना करतं. रिकव्हरीचे तास त्यावरून, सज्जतेचा आकडा त्यावरून. व्हीओटू मॅक्सचा अंदाजही वेग आणि ठोके यांच्या नात्यावरून. ६:५० चा पेस आणि १६९ ठोके म्हटल्यावर ते बिचारं म्हणणारच की बाईंचा दमसास घटला.

तुमच्या रात्रीच्या आकड्यांनी मात्र तुम्हाला पहिल्यापासून खरं सांगितलंय. झोपेत हात स्थिर असतो, त्यामुळे तिथे हिरवा दिवा चांगलं काम करतो. शरीर खरंच थकलेलं असतं तर सहसा विश्रांतीचे ठोके किंवा एचआरव्ही कुठेतरी हलले असते. तुमचे पाच महिन्यांत जागचे हलले नाहीत.

उष्मांकांच्या आकड्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, त्याकडे पाहूच नका. स्टॅनफर्डमध्ये ६० स्वयंसेवकांवर मनगटी यंत्रं तपासली होती, निकाल २०१७ मध्ये आले. सातपैकी सहा यंत्रांत ठोक्यांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. पण खर्च झालेली ऊर्जा मोजताना सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के.

---

स्टेथोस्कोप

मी डॉक्टर आहे, क्रीडावैद्यकात काम करते. वरचं निदान मलाही पटतंय, पण ते सिद्ध करा. छातीचा पट्टा कुणाकडून तरी मागून घ्या. तो प्रकाशाने मोजत नाही, हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, त्यामुळे पावलांच्या हिसक्याने असा फसत नाही. इलेक्ट्रोडची जागा पाण्याने ओली करा, पट्टा छातीच्या खाली घट्ट बसवा. एका धावण्यात दोन्हीची वेगळी नोंद घ्या. आणि मध्ये एकदा थांबून मानेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा, चारने गुणा. थांबल्यावर ठोके लगेच उतरायला लागतात म्हणून पूर्ण मिनिट मोजू नका.

छातीच्या पट्ट्यानेही निवांत गप्पा मारताना १६५-१७० दाखवलं, किंवा ठोके अचानक उडी मारून वर गेले आणि अचानकच खाली आले, धडधड जाणवली, चक्कर आली, तर धावणं थांबवून ईसीजी करून घ्या. काही लोकांचे ठोके मुळातच जास्त असतात हे खरं, पण ते तपासणीनंतर म्हणायचं. हृदयाच्या लयीचे काही दोष अशा उड्यांनीच पहिल्यांदा लक्षात येतात, म्हणून सगळं यंत्राच्या चुकीवर ढकलू नये.

---

रातराणी

ताई, आणखी एक गोष्ट, जी घड्याळवाले आणि प्रशिक्षक दोघंही सांगायला विसरतात. तुमचा सज्जतेचा आकडा महिन्यातले दहा-बारा दिवस ठरावीक काळात जास्त पडतो का, बघा.

बीजमोचनानंतर, म्हणजे पाळीच्या आधीच्या साधारण दोन आठवड्यांत, प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर असतं. विश्रांतीचे ठोके दोन-चारने वाढतात, एचआरव्ही थोडी उतरते. हे निरोगी चक्राचं लक्षण आहे. पण ज्या यंत्राला पाळीची माहिती दिलेली नाही त्याच्या दृष्टीने तो थकवा किंवा आजार. मी वर्षभर दर महिन्याला त्याच दिवसांत इंटरव्हल रद्द करत होते. आता या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करते. त्या दिवसांत मला खरोखर जड वाटलं तर सोडते, नाही वाटलं तर पळते.

---

पहाटपावलं

नऊ दिवसांनी लिहितेय. धावगटातल्या एका दादांनी छातीचा पट्टा दिला.

पहिल्या दिवशी सुरुवातीला पट्ट्याने २१०, मग ८०, मग १९५ असं काहीतरी दाखवलं आणि माझा धीर सुटला. मग डॉक्टरांची सूचना आठवली, मी तो कोरडाच बांधला होता. ओला केला, चार मिनिटांत स्थिर झाला.

तोच रस्ता, तेच ८ किमी, तोच ६:५० चा पेस. मनगट: १६७ ते १७१. छाती: १३९ ते १४६. पाचव्या किलोमीटरला थांबून मानेवर बोटं ठेवली, १५ सेकंदांत ३५ ठोके. म्हणजे १४०.

मी रस्त्याच्या कडेला बसले आणि डोळ्यांत पाणी आलं. पाच महिने स्वतःला सांगत होते की वय झालं, आता नाही होणार. २:०६ हीच माझी मर्यादा, असं नवऱ्याला सांगूनही टाकलं होतं.

घड्याळ आता हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधून पाहिलं. बरंच सुधारलं, पण थंडीच्या पहाटे पहिली दहा मिनिटं अजूनही भरकटतं. त्यामुळे पळताना छातीचा पट्टाच वापरणार.

@रातराणी, तुमचंही बरोबर निघालं. रात्रीचे आकडे ‘वर्षभर असेच’ असं मी लिहिलं होतं ते महिन्याच्या सरासरीवरून. रोजचे आकडे मांडले तर त्या दिवसांत ५३ चे ५६ होतात, दर महिन्याला.

आता पुढे काय करू? झोन कुठून ठरवू? २२० वजा वय केलं तर कमाल १८१ येते.

---

शिट्टी_आणि_वही

२२० वजा वय हे सूत्र सोडा. ते लोकसंख्येची सरासरी सांगतं. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसचा फरक सहज असतो. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सुधारलेलं सूत्र दिलं, तुमच्यासाठी तेही १८१ च्या आसपासच येईल. पण सूत्र कितीही सुधारलं तरी ती सरासरीच.

त्यापेक्षा तुमचा उंबरठा, म्हणजे थ्रेशोल्ड, मोजा. सपाट रस्ता, १५ मिनिटं वॉर्मअप, मग ३० मिनिटं एकटीने, तुम्हाला टिकवता येईल अशा जास्तीत जास्त वेगाने. शेवटच्या २० मिनिटांचे सरासरी ठोके हा तुमचा उंबरठा. जो फ्रील या प्रशिक्षकाने रूढ केलेली चाचणी आहे, प्रयोगशाळा लागत नाही. सुरुवात जोरात करू नका, पहिली दहा मिनिटं हात राखून. सावकाश धावणं म्हणजे उंबरठ्याच्या ८५ ते ८९ टक्के किंवा त्याहून कमी.

दुसरं म्हणजे वही. प्रत्येक धावण्यानंतर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, एकूण किती कठीण गेलं, ० ते १० मध्ये. तो आकडा गुणिले मिनिटं. झाला त्या दिवसाचा भार. कार्ल फॉस्टर यांची ही पद्धत, खर्च एका पेन्सिलीचा. सोबत सकाळी तीन ओळी: पाय कसे आहेत, झोप कशी वाटली, पळायची इच्छा आहे का. आकडा बघायच्या आधी लिहायचं, हे महत्त्वाचं. एकदा घड्याळ बघितलं की उत्तर रंगतं.

ही जुन्या वळणाच्या माणसाची हेकट समजूत नाही. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २०१६ साली अनेक अभ्यासांचा आढावा आला होता. सरावाच्या भाराला शरीर कसं प्रतिसाद देतंय हे खेळाडूंनी स्वतः सांगितलेल्या गोष्टींतून रक्ततपासण्या आणि ठोक्यांपेक्षा जास्त संवेदनशीलपणे आणि सातत्याने कळतं, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘गप्पा मारत पळत होतो’ हे तुमच्या पहिल्या पोस्टमधलं सगळ्यात अचूक मोजमाप होतं.

---

पहाटपावलं

सात आठवडे झाले. नोंदी देते, कुणाला तरी उपयोग होईल.

चाचणीत उंबरठा १६८ आला. म्हणजे घड्याळाच्या मते मी पाच महिने दर सकाळी माझ्या उंबरठ्यावर पळत होते! सावकाश धावणं १४३ ते १५०, मी नेमकी तिथेच होते.

किलोमीटर २६ वरून हळूहळू ३९ वर आणले. मंगळवारी इंटरव्हल, ८०० मीटर सहा वेळा, प्रत्येकी ४:०८ च्या आसपास. १० किमी ५५:०५. व्हीओटू मॅक्सचा अंदाज आपोआप ४० वर आला, जुने चुकीचे दिवस हिशेबातून मागे पडत गेले तसा सज्जतेचा आकडाही ६० ते ७५ मध्ये असतो.

आता खरा प्रसंग. गेल्या शुक्रवारी सकाळी वहीत लिहिलं: ‘डावी नडगी आतल्या बाजूने दुखतेय, पायऱ्या उतरताना जास्त. पळायची इच्छा ४.’ मग घड्याळ बघितलं. सज्जता ७८, एचआरव्ही ५१, ‘आज जोरदार सरावाला उत्तम दिवस’. आणि या वेळी आकडे खरे होते, पट्ट्याचे, नीट मोजलेले.

मी गेले नाही. पण खरं सांगायचं तर दाराशी बूट घालून पाच मिनिटं उभी होते.

---

दोनचाकी

बरोबर केलंत. ठोक्यांतून हृदयावरचा ताण कळतो, नडगीच्या हाडावर किती हजार वेळा आपटलात ते त्यात कुठेच नसतं. सायकलवर आमच्याकडे पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारं पॉवर मीटर असतं, त्यातसुद्धा गुडघा दुखतोय हे दिसत नाही. तुम्ही तर सात आठवड्यांत किलोमीटर दीडपट केलेत आणि इंटरव्हलही परत आणलेत. हृदय आणि फुप्फुसं पटकन जुळवून घेतात, हाडं आणि स्नायूबंध मागे राहतात.

---

स्टेथोस्कोप

बोटाने दाबून बघा. दुखणारी जागा नाण्याएवढी, नेमकी हाडावर, आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल तर धावणं पूर्ण बंद करून दाखवून घ्या. स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या भाराने हाडाला पडणारी बारीक चीर) सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी गाफील राहू नका. दुखणं नडगीच्या कडेने लांबवर पसरलेलं असेल आणि विश्रांतीने ओसरत असेल तर तो बहुधा शिन स्प्लिंटचा प्रकार, त्याला भार कमी केला की आराम पडतो. कुठल्याही प्रकारात पाळी अनियमित झाली असेल तर तेही सांगा, हाडांशी त्याचा थेट संबंध आहे.

---

पहाटपावलं

पसरलेलं आहे, साधारण वीतभर, कडेने. रात्री ठणकत नाही. पाळी वेळेवर. पाच दिवस पळले नाही, पोहायला गेले. आज जिना उतरताना दुखलं नाही, दाबल्यावर अजून हुळहुळतं. तरीही सोमवारी दाखवून घेणार आहे.

अर्धमॅरेथॉनला अकरा आठवडे आहेत. मंगळवारचे इंटरव्हल तीन आठवडे काढून टाकलेत, किलोमीटर ३० वर. @शिट्टी_आणि_वही, नवा तक्ता पाठवते, एकदा नजर टाकाल का? वहीची सात पानंही सोबत जोडते.

---

शिट्टी_आणि_वही

पाठवा. वही आधी, तक्ता नंतर.